सासू आणि काडी

बोरवरचा नवा डबा ज्या दिवशी 'आपोआप'वर टाकला, त्या दिवसापासून प्रमिलाबाई गावंडे यांना सकाळी ओरडायला कोणी उरलं नाही.

त्याआधी ही अडचण कधी आली नव्हती. सकाळी विजेची लाईन आली की त्या तरातरा मोटारीच्या खोलीकडे जायच्या, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायच्या आणि जमिनीच्या पोटात खोल बसलेल्या मोटारीला उद्देशून सुरू करायच्या. "ऊठ बे मुर्दाडा. सूर्य डोक्यावर आला अन् तू लोयून राहिला. झाडं काय तुह्या बापाच्या वाटेकडे पाहून राहिले?" पाइपाच्या तोंडाशी पाणी येईपर्यंत हे चालायचं. दुपारी मोटार बंद करतानाही निरोपाच्या शिव्या व्हायच्या. "झालं का पोट भरून? आता झोप तंगड्या वर करून." प्रमिलाबाईंचा आवाज असा होता की दोन वावरं पलीकडचे बगळे उडायचे. घरातल्या माणसांना त्या एवढ्या रागावत नसत, कारण घरात नवरा एकटाच होता आणि दिगंबरराव ही रागावून उपयोग नसलेली वस्तू होती.

सातपुड्याच्या पायथ्याचं हे लोणखेडी गाव संत्र्याचं. दिवसा लाईन मिळायला लागून बरीच वर्षं झाली होती, सौर पत्र्यांनी गावाचं माळरान झाकून टाकलं होतं, फवारणी ड्रोन करायचे आणि पोळ्याच्या दिवशी पूजेला बैल भाड्यानं आणावे लागायचे. एवढं सगळं बदललं तरी बोरच्या मोटारी मात्र जळतच होत्या. पाणी खाली गेलं की मोटार कोरडी फिरते, तापते आणि तिची तार वितळते. मग ती वर ओढायची, नवी तार भरून आणायची, पुन्हा सोडायची. त्यावर उपाय म्हणून हा डबा आला. कंपनीनं त्याचं नाव 'स्पंद' ठेवलं होतं. गावानं आठवडाभरात 'सासू' केलं. सतत लक्ष, सतत टोकणं, स्वतः काही उचलायचं नाही, आणि वर दर वेळी तिचंच बरोबर निघायचं. दुसरं नाव शोभलंच नसतं.

डब्यातली खुबी अशी होती. मोटार जी वीज ओढते, तिचा प्रवाह कधीच सरळ रेषेत नसतो. पाण्याची पातळी बोटभर जरी हलली तरी मोटारीवरचा भार बदलतो आणि प्रवाहाला बारीकशी थरथर सुटते. जुने स्टार्टर फक्त मोठे धक्के ओळखायचे. सासू ही थरथर वाचायची. पाणी किती आहे, किती वेगानं भरतंय, कधी थांबावं, हे तिला विजेच्या तारेतून कळायचं. आणि या भागात खाली काळा दगड. दगडात पाणी मावत नाही, त्याच्या भेगांतून फिरतं. एकाच भेगेवर दोन बोर असले तर एकाची मोटार सुरू होताच भेगेतला दाब उतरतो आणि तो उतार दुसऱ्या बोरपर्यंत पोचतो. म्हणजे सासूला शेजारची मोटारही ऐकू यायची. दोन्हीकडे सासवा असल्या तर त्या एकमेकींना न भेटता, न बोलता आपापली पाळी ठरवून घ्यायच्या. खऱ्या सासवांना हे कधी जमलं नसतं, असं गावातल्या सुना म्हणायच्या.

अर्थात आधी तिला शिकू द्यावं लागे. दसऱ्याला डबा बसला, तेव्हापासून प्रमिलाबाई पूर्वीसारख्याच हातानं मोटार लावत होत्या, शिव्या देत होत्या, आणि डबा मुकाट ऐकत होता. गव्हाला पाणी झालं, हरभऱ्याला झालं. संक्रांत झाल्यावर कंपनीची इंजिनिअर येऊन तो 'आपोआप'वर टाकून गेली. "आता खोलीवर यायचीसुद्धा गरज नाही, काकू," ती म्हणाली. प्रमिलाबाई ओसरीत बसून राहिल्या. लांबवर मोटार आपली आपण सुरू झाली. त्यांना फार चुकल्यासारखं झालं.

आणि नेमकी तीन दिवसांनी ताण तोडायची वेळ आली.

संत्र्याच्या झाडाला फुलवायचं तर आधी त्याला तहानेनं कासावीस करावं लागतं. हिवाळ्यात महिनाभर त्याला पाणी देत नाहीत. पानं मलूल होतात, कडा वळतात. त्याला ताण म्हणतात. मग एके दिवशी ताण तोडायचा, म्हणजे पोटभर पाणी द्यायचं. झाडाला वाटतं आपण मरता मरता वाचलो, आणि ते आनंदानं नखशिखान्त फुलतं. पण ते पहिलं ओलीत पुरेपूर झालं पाहिजे. अर्धवट पाणी मिळालं तर झाड फुलांऐवजी नुसती पालवी काढतं आणि वर्षाचा बहार गेला म्हणून समजावं.

प्रमिलाबाईंच्या बागेतली झाडं जुनी होती, अंगाखांद्यानं मोठी. पहिल्या दिवशी दोन ओळी भिजल्या आणि मोटार थांबली. डब्यावर लाल दिवा लागला. "पाण्याची पातळी कमी. मोटार सुरक्षित," डबा शांतपणे म्हणाला.

"मोटर सुरक्षित हाये म्हणते," प्रमिलाबाई दिगंबररावांना म्हणाल्या. "अन् झाडं?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आजवर ताण तोडताना या बोरनं असं कधी केलं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी बांधावर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं. तिकडे त्यांच्या थोरल्या जावेचं वावर होतं, कुंदाबाईचं. तिच्या पाइपातून पाणी पडत होतं. थुंकत, फुरफुरत पडत होतं, पण पडत होतं.

"पाणीचोर," प्रमिलाबाई म्हणाल्या. या वेळी मात्र हळू आवाजात.

हा शब्द त्यांनी पूर्वी एकदा मोठ्यानं वापरला होता. वाटणी झाली, थोरले भाऊजी वारले, आणि कुंदाबाईनं आपल्या वाट्याच्या वावरात बोर घेतला. त्या उन्हाळ्यात प्रमिलाबाईंचं पाणी कमी झालं. चुलत पुतण्याच्या लग्नात भर पंगतीत, कुंदाबाईच्या ताटात वांग्याची भाजी वाढता वाढता, प्रमिलाबाईंच्या तोंडून तो शब्द गेला. कुंदाबाई ताटावरून उठली. त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. दिगंबररावांचं म्हणणं साधं होतं. दोन बायकांच्या मधात आपण कायले पडा?

कुंदाबाईनं सासू बसवली नव्हती. अख्ख्या गावात तिचा एकटीचाच जुना स्टार्टर उरला होता आणि त्यात काडी खोचलेली होती. लाईन गेली की असा स्टार्टर पडतो, आली की पुन्हा जाऊन दाबावा लागतो. तो खटाटोप टाळायला लोक बटणाच्या फटीत काडी खोचून ठेवायचे. मग लाईन येताच मोटार आपोआप सुरू व्हायची. मात्र ती कोरडी फिरायला लागली तरी स्टार्टर पडायचा नाही, कारण काडी त्याला पडू द्यायची नाही. या काडीनं तालुक्यातल्या किती मोटारी जाळल्या याची मोजदाद नव्हती, तरी काडीवरचा विश्वास ढळला नव्हता.

इंजिनिअर आली ती पाचव्या दिवशी. सायली मेश्राम, परतवाड्याची पोरगी, हसतमुख. तिनं आपला पडदा डब्याला जोडला आणि त्यावरची रेघ मागेपुढे सरकवून पाहिली.

"काकू, बोर कोरडा नाही तुमचा. पाणी आहे. पण एका वेळी एकाच मोटारीपुरतं आहे." तिनं पडद्यावरची रेघ मोठी केली. "ही तुमची मोटार. आणि तिच्यावर ही बारीक नक्षी दिसते ना? ही तुमची नाही. याच भेगेवर दुसरी मोटार चालते. उत्तरेकडे."

"आयकलं का?" प्रमिलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "म्या इतके वर्षं काय सांगून राहिली होती?"

"थांबा, पुढचं ऐका. मला गंमत वेगळीच वाटते." सायलीनं रेघ मागे नेली. "दसऱ्यापासून मी डबा आपोआपवर टाकेपर्यंत या दोन मोटारी एक दिवससुद्धा सोबत चाललेल्या नाहीत. तुमची सुरू झाली की थोड्याच वेळात तिकडची बंद. तुमची बंद झाली की तिकडची सुरू. दररोज. मला वाटलं तिकडेही आमचाच डबा आहे. पण आमच्या नकाशावर तिथं डबाच नाही."

"तिच्याकडं कायचा डबा? काडी हाये काडी."

"मग कोणीतरी माणूस हे करत होतं. तुमची मोटार लागली की आपली बंद करायची, तुमचं ओलीत आटपेपर्यंत थांबायचं. आणि ज्या दिवशी मी आपोआपवर टाकलं, त्या दिवसापासून ते थांबलं." सायलीनं मान वर केली. "काकू, त्या दिवशी तुमचं भांडण झालं का?"

"भांडणाले सात वर्षं झाले," दिगंबरराव म्हणाले. "नवं कुठून होईन? बोलनंच नाही."

सायलीनं खांदे उडवले. मग जराशा नाखुशीनं एक दुसरा उपाय सांगितला. डब्यात एक सोय होती, 'प्राधान्य' नावाची. ती लावली की मोटारीचा वेग वाढतो आणि ती भेगेतलं पाणी इतकं खाली ओढते की शेजारच्या मोटारीला फक्त हवा उरते. शेजारी सासू असेल तर ती आपली मोटार थांबवून वाचवते. "पण तिकडे काडी आहे," सायली म्हणाली. "ती मोटार थांबणार नाही. जळेल. नियमात बसतं, काकू, बोर तुमचा आहे. पण बटण तुम्हालाच दाबावं लागेल, मी नाही दाबणार."

ती गेली. जाताना प्रमिलाबाईंच्या फोनवर ते बटण ठेवून गेली. हिरवं, गोल, छान दिसणारं.

प्रमिलाबाई फोन हातात घेऊन बागेत गेल्या. भिजलेल्या दोन ओळी तेवढ्या टवटवीत होत्या, बाकीची झाडं पानं मिटून उभी होती. अजून दोन दिवस असेच गेले तर बहार हातचा जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हती. त्यांनी अंगठा बटणावर आणला.

पण मघाशी ऐकलेली एक गोष्ट डोक्यातून जाईना. तिकडचं कोणीतरी थांबत होतं. रोज. आपलं ओलीत आटपेपर्यंत.

चोर कधी थांबते का?

त्यांनी फोन कमरेला खोचला, पदर सारखा केला आणि बांध ओलांडला.

कुंदाबाई मोटारीजवळच्या दगडावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं. केस पांढरे झाले होते. हे लांबून दिसलं नव्हतं. प्रमिलाबाईंनी काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं त्या विसरल्या.

कुंदाबाईच आधी बोलली. "बरी हायेस ना वं?"

"मले काय झालं?"

"मले काय माहीत? आठ दिवस झाले, तुहा आवाज नाही. म्हटलं पडली की काय बिमार. नाही तं पोरीकडं नागपूरले गेली असन. दिगंबर भाऊजीले पुसणारच होती आज." तिनं मूठभर दाणे टोपलीत टाकले. "सकायी तू मोटरीले शिव्या नाही दिल्या तं मले दिवस उगवल्यासारखा वाटत नाही."

"शिव्या तुमाले आयकू येतात, बाई?"

"लोणखेडीत कोणाले नाही येत?"

प्रमिलाबाई तिच्या टोपलीशेजारी बसल्या. त्यांच्या ध्यानात आलं. तरी त्यांनी विचारलंच, कारण ते कुंदाबाईच्या तोंडून ऐकायचं होतं.

"मंग माह्या शिव्या आयकल्या का तुमी काय करता?"

"काय करतो? काडी काढतो, मोटर बंद करतो." कुंदाबाईनं स्टार्टरकडे हनुवटी केली. "दोघीच्या मोटरी संगं चालल्या का माही हवा ओढते. म्हटलं तुही बी ओढत असन. म्हनून तुही मुर्दाडा-मुर्दाडा सुरू झाली का मी काडी काढतो. तू तंगड्या वर करून झोप म्हटलं का लावतो. आता आठ दिवस आवाज नाही, अन् माही मोटर थुंकून राहिली. मले वाटलं माह्याच बोरचं पानी आटलं."

"पन काऊन, बाई?" प्रमिलाबाईंचा तो प्रसिद्ध आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "म्या तुमाले इतकं बोलली. तुमी माह्यासाठी काऊन थांबत होत्या?"

"तुह्यासाठी कोन थांबते? झाडासाठी थांबतो." कुंदाबाई जरा चिडूनच बोलली. "ते झाडं कोनं लावले? दोघीनं. तू नवी नवरी, तुह्या हातावरची मेंदी गेली नव्हती, अन् मी खड्डे करत होती, तू रोप धरत होती. वाटणीत ते तुह्याकडं गेले म्हनून काय मी त्याइले तहानेनं मारू?"

प्रमिलाबाईंना रडू आलं. मोठ्यानं ओरडणाऱ्या बाईला मोठ्यानंच रडता येतं, तशा त्या रडल्या. तिकडे झाडावरचे बगळे उडाले.

"बाई, त्या पंगतीत म्या जे बोलली..."

"त्याचा राग हायेच मले," कुंदाबाई म्हणाली. "भाजी इतकी झकास झाली होती अन् अर्ध्या ताटावरून उठा लागलं. उठल्यावर मानसाले परत बसता येते का?"

मग तिनं टोपली बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "जाय आता. दिवस वर आला. झाडं तहानलेले हायेत. माह्या झाडाले दुपारून देतो पानी."

प्रमिलाबाई धावत, धापा टाकत आपल्या खोलीकडे आल्या. डब्यावर लाल दिवा होता. त्यांनी कळ फिरवून त्याला पुन्हा हातावर घेतलं, हिरवं बटण दाबलं, आणि आठ दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं.

"ऊठ बे मुर्दाडा. आठ दिवस नाटकं केले. तुले वाटलं मी मेली? अजून पन्नास वर्षं जगतो मी, तुह्या छातीवर बसून पानी काढतो. ऊठ."

उत्तरेकडची फुरफुर बंद झाली. काडी निघाली होती. मग इकडे पाइपानं एक मोठा श्वास घेतला, दोन गुळण्या टाकल्या, आणि हातभर जाडीचं पाणी धबधब पडायला लागलं. ओळीमागून ओळ भिजत गेली. प्रमिलाबाई पाण्यात पाय टाकून उभ्या राहिल्या. दिगंबरराव धावत आले होते, ते लांबूनच पाहत होते.

"बाई माह्यासाठी मोटर थांबवतात, तुमाले माहीत होतं?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"होतं थोडंसं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगनार कवा? तुह्या शिव्या सरल्यावर मानूस बोलीन ना," दिगंबरराव म्हणाले. लग्न झाल्यापासूनचं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य असावं.

फाल्गुनात दोन्ही वावरांतली संत्री अशी फुलली की वास गावाच्या वेशीपर्यंत गेला. पानं शोधावी लागत होती. प्रमिलाबाईंनी बागेत कणकेचे रोडगे भाजले आणि वांग्याची भाजी केली. कुंदाबाईला पहिल्या पंगतीला बसवलं, शेजारी सायलीला बसवलं आणि स्वतः वाढलं. कुंदाबाईनं ताट चाटून पुसून संपवलं, मग भाजी पुन्हा मागितली. सात वर्षांची बाकी होती, असं ती म्हणाली.

जेवण झाल्यावर सायलीनं विषय काढला. काडी धोक्याची होती, कुंदाकाकूंनीही डबा बसवावा. मग दोन्ही डबे पाळी आपसांत ठरवतील आणि कोणी उठायची गरज राहणार नाही.

"बसव," कुंदाबाई म्हणाली. "पन माहा डबा इच्या शिव्या आयकल्यावरच थांबला पाहिजे."

सायली हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाई थट्टा करत नाहीत. "तसं करता येईल," ती विचार करत म्हणाली. "डब्याला आवाज ओळखायला शिकवू. काकूंच्या शिव्या एकदा रेकॉर्ड करून घेते, म्हणजे रोज सकाळी भोंग्यावर आपोआप..."

"रेकॉर्डवरच्या नाही चालत," कुंदाबाईनं तिला मधेच थांबवलं. "ताज्या पाहिजे."

तशी व्यवस्था झाली. कंपनीच्या कार्यालयात या जोडणीला काय नाव द्यावं यावर बराच वाद झाला म्हणतात. लोणखेडीत मात्र काही वाद नव्हता. जुनी काडी कुंदाबाईनं डब्यावरच खोचून ठेवली, आठवण म्हणून.

डबा बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाईन आली. प्रमिलाबाई तरातरा खोलीकडे गेल्या, बटण दाबलं आणि पोटभर श्वास घेऊन सुरू झाल्या. "ऊठ बे मुर्दाडा..."

बांधापलीकडची मोटार थांबली. आणि मग त्या बाजूनं, सात वर्षांत पहिल्यांदा, तेवढाच खणखणीत आवाज आला.

"उठला वं तो कवाचा. तूच उशिरा आली. चहा ठेवला हाये, ये इकडं."

बगळे दोन्ही वावरांतून एकदमच उडाले.